पुन्हां तोच उमेदवार

२०२५ च्या उन्हाळ्यांत एका रविवारीं सकाळीं आमच्या अमेरिकेंतील पुतण्याचा फोन आला. तो मिशिगन राज्यांत डेट्रॉइट शहराजवळ राहतो. कुशल विचारून झाल्यावर तो म्हणाला, "काका, तुमच्या कपाटांत 'ही श्रीची इच्छा' हें पुस्तक आहे ना? त्या श्री ठाणेदारांच्या जागेसाठीं त्यांच्याच पक्षांतले लोक उभे राहत आहेत. त्यांतले एकजण तर तिसऱ्या खेपेस!" फोनचा आवाज मोठा ठेवलेला असल्यामुळें हें सर्वांनीं ऐकलें. आमच्या सौभाग्यवतींनीं तात्काळ निकाल दिला कीं, घरच्याच माणसानें घरच्या कर्त्याविरुद्ध उभें राहावयाचें हें कांहीं बरें लक्षण नव्हे. त्यावर धाकट्या सूनबाईंनीं हळूच विचारलें, "आणि कर्ता चुकला तर कोणीं उभें राहावयाचें, आई? शेजाऱ्यांनीं?" ह्या प्रश्नावर त्या दिवशीं पानें मांडेपर्यंत वाद चालला होता, व त्याच वादांतून आजचें हें लेखन निघालें आहे.

प्रथम तिकडची रीत सांगितली पाहिजे. आपल्याकडे पक्षाचा उमेदवार पक्षाचे वरिष्ठ ठरवितात. तिकडे तो मतदार ठरवितात. मुख्य निवडणूक नोव्हेंबरांत, परंतु तिच्या आधीं कांहीं महिने पक्षापक्षांतील इच्छुकांची एक निवडणूक सरकारी व्यवस्थेनेंच होते. मिशिगनमध्यें ती ऑगस्टांत असते, आणि तींत मत देण्यास पक्षाचें सभासदत्वहि लागत नाहीं. मतदारानें कोणत्या तरी एकाच पक्षाच्या यादींत खूण केली म्हणजे झालें. ह्या निवडणुकीस मराठींत रूढ शब्द नाहीं. संस्कृत नाटकांत पडदा उघडण्यापूर्वीं जो विधि चालतो त्यास पूर्वरंग म्हणतात, तें आठवून आम्ही तिला 'पूर्वनिवड' म्हणतों. विस्कॉन्सिन राज्यांत ला फॉलेट नांवाचे गव्हर्नर असतां १९०३ सालीं तिचा कायदा झाला, तो उमेदवारी पुढाऱ्यांच्या बंद खोलींतून बाहेर काढण्याच्या हेतूनें. तेथील प्रतिनिधिगृहाची मुदत अवघी दोन वर्षांची. त्यामुळें हरलेला इच्छुक घाम पुसून पाणी पितो न पितो, तोंच पुढची पूर्वनिवड दारांत उभी राहते.

डेट्रॉइटसारख्या शहरांत डेमोक्रॅटिक पक्षाचें प्राबल्य इतकें आहे कीं, ऑगस्टांतली पूर्वनिवड जिंकली म्हणजे नोव्हेंबराची काळजी फारशी उरत नाहीं. अर्थात् खरी झुंज घरांतली.

श्री ठाणेदार हे १९५५ सालीं चिकोडी येथें जन्मले आणि बेळगांवीं वाढले, हें त्यांच्या मराठी आत्मचरित्राच्या वाचकांस ठाऊकच आहे. १९७९ सालीं ते अमेरिकेस गेले, रसायनशास्त्रांत डॉक्टर झाले, रासायनिक पृथक्करणाचा व्यवसाय वाढविला, २०१० च्या सुमारास तो मंदींत गमावला आणि मिशिगनमध्यें पुन्हां नव्यानें उभा केला. राजकारणांत ते उतरले ते एकदम गव्हर्नरपदासाठीं. २०१८ च्या त्या पूर्वनिवडींत त्यांनीं पदरचे एक कोटि डॉलरांहून अधिक खर्चिले आणि तिघांत तिसरे आले. पुढें २०२० सालीं डेट्रॉइटमधून राज्याच्या विधिमंडळांत, आणि २०२२ सालीं वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहांत. म्हणजे आज जे पदारूढ आहेत तेहि एकदां हरलेलेच होते. ही गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि पदारूढ मनुष्य विसरतो तीहि हीच.

२०२२ च्या त्या पूर्वनिवडींत नऊ उमेदवार होते. ठाणेदारांस शंभरांत सुमारें अठ्ठावीस मतें पडलीं, आणि दुसरे आले ते अ‍ॅडम होलियर, राज्याच्या वरिष्ठ सभागृहाचे सभासद. डेट्रॉइट हें बहुसंख्य कृष्णवर्णीयांचें शहर. त्यांचीं मतें अनेकांत फुटलीं आणि सुमारें सत्तर वर्षांत प्रथमच त्या शहराकडून कृष्णवर्णीय प्रतिनिधि गेला नाहीं. आपला बेळगांवकर मनुष्य निवडून आला ह्याचा आम्हां सर्वांस आनंद झाला होता; परंतु ज्यांच्या घरांतली तीन पिढ्यांची जागा गेली त्यांस काय वाटलें असेल, हा विचार आमच्या मनास त्या वेळीं शिवलाहि नव्हता, हें येथें कबूल करतों.

होलियर २०२४ सालीं पुन्हां उभे राहिले. परंतु मतपत्रिकेवर नांव येण्यास मतदारसंघांतील एक हजार मतदारांच्या सह्या लागतात. त्यांनीं दिलेल्या सह्यांवर ठाणेदारांकडून आक्षेप घेण्यांत आला, तपासणींत पुष्कळ सह्या बाद ठरल्या, कित्येक तर एकाच हाताच्या असाव्यात असा संशय आला, आणि हजाराची अट न भरल्यामुळें होलियरांचें नांव मतपत्रिकेवर आलेंच नाहीं. सह्या गोळा करणारीं माणसें वेगळीं असतात. खोटेपणाचा ठपका होलियरांवर आला नाहीं, पण फळ त्यांस भोगावें लागलें. त्या वर्षींची पूर्वनिवड ठाणेदारांनीं शंभरांत सुमारें पंचावन्न मतें घेऊन जिंकली. २०२५ सालीं होलियरांनीं त्याच जागेसाठीं तिसऱ्यांदा नांव जाहीर केलें, तो हा आमच्या पुतण्याचा फोन. त्याच वर्षीं डोनाव्हन मॅकिनी हे आणखी एक आमदार रिंगणांत आले. पुढें होलियर तेथून निघून राज्याच्या सचिवपदाच्या स्पर्धेकडे वळले. गंमत अशी कीं, मिशिगनमध्यें त्या पदाचा उमेदवार पूर्वनिवडीनें ठरत नाहीं, पक्षाच्या अधिवेशनांत ठरतो!

आतां वाचक म्हणतील, हें सातासमुद्रांपलीकडचें पुराण पिंपळे सौदागरांत बसून कशाला? तर तें आमच्या अंगणांतलेंच आहे म्हणून.

आमचें गांव चिंचवड विधानसभा मतदारसंघांत मोडतें. २००९ सालीं हा मतदारसंघ नवा झाला. त्या वर्षीं पिंपळे गुरवचे लक्ष्मण जगताप अपक्ष म्हणून निवडून आले. २०१४ आणि २०१९ सालीं भारतीय जनता पक्षाकडून. ह्या दोन्ही वेळीं त्यांच्या खालोखाल मतें घेणारे गृहस्थ एकच, वाकडचे राहुल कलाटे. २०१४ सालीं ते शिवसेनेचे उमेदवार होते. २०१९ सालीं युतींत जागा भाजपकडे गेल्यामुळें ते अपक्ष उभे राहिले, आणि राष्ट्रवादीनें आपला उमेदवार न देतां त्यांस पाठिंबा दिला. जगतापांस १,५०,७२३ आणि कलाटे यांस १,१२,२२५ मतें पडलीं. ३ जानेवारी २०२३ रोजीं लक्ष्मणराव वारले. फेब्रुवारींत पोटनिवडणूक लागली. भाजपनें त्यांच्या पत्नी अश्विनीताई यांस उमेदवारी दिली. राष्ट्रवादीनें नाना काटे यांस दिली; हे तर आमच्या पिंपळे सौदागरचेच, आणि २०१४ सालीं लढून हरलेले. कलाटे यांस आघाडीची उमेदवारी हवी होती, ती न मिळाल्यामुळें ते पुन्हां अपक्ष. अश्विनीताईंस १,३५,६०३, काटे यांस ९९,४३५ आणि कलाटे यांस चव्वेचाळीस हजारांहून कांहीं अधिक मतें मिळालीं. दोघां हरलेल्यांची बेरीज विजयी उमेदवारापेक्षां अधिक भरते, ही गणिताची गोष्ट त्या वेळीं आमच्या नातवानेंहि पाटीवर करून दाखविली होती. (बेरीज झाली म्हणजे मतें एकत्र झालीं असतींच असें नव्हे, हें त्यास समजावण्यास आम्हांस अर्धा तास लागला.)

हीच पोटनिवडणूक आमच्याकडची पूर्वनिवड म्हणावयास हवी होती. दोन इच्छुकांपैकीं कोण, हें जर आधीं मतदारांस विचारलें असतें तर मुख्य निवडणुकींत दोघे एकमेकांस आडवे गेले नसते. परंतु आमच्याकडे उमेदवारी म्हणजे 'एबी फॉर्म'. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशीं दुपारीं तीन वाजेपर्यंत तो कागद निवडणूक अधिकाऱ्याच्या हातीं पडला तर मनुष्य पक्षाचा, न पडला तर अपक्ष. तो कागद कोणाच्या खिशांत आहे हें मतदारांस शेवटपर्यंत ठाऊक नसतें.

२०२४ सालीं आणखी एक प्रसंग घडला, आणि तो एकत्र कुटुंबांतील वाचकांस अधिक समजेल. अश्विनीताई आमदार होत्या. त्यांचे दीर शंकर जगताप पक्षाचे शहराध्यक्ष होते. पक्षाची पहिली यादी ऑक्टोबरांत निघाली तींत चिंचवडसाठीं शंकररावांचें नांव होतें. पदारूढ भावजय आणि इच्छुक दीर, ह्यांतला निवाडा मतदारांपुढें न येतां यादींत झाला. घरांत काय बोलणें झालें असेल तें त्यांच्या घरचें; त्यांत आम्हीं डोकावूं नये. परंतु विचार येतो कीं, हीच गोष्ट डेट्रॉइटमध्यें घडती तर दीर-भावजयींस भर चौकांत, एकमेकांविरुद्ध, मतें मागावीं लागलीं असतीं. आमच्या सौभाग्यवतींस हें ऐकूनच कांटा आला. सूनबाई म्हणाल्या, "निदान तिला विचारलें तरी गेलें असतें." निवडणुकींत शंकररावांस २,३५,३२३ मतें पडलीं. राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाकडून उभे राहिलेले कलाटे १,३१,४५८ वर राहिले. नाना काटे यांनीं अपक्ष अर्ज भरला होता, तो मुदतींत मागें घेतला. दहा वर्षांत चार निवडणुका, कधीं ह्या चिन्हावर, कधीं त्या, आणि प्रत्येक वेळीं हार. तरी मतांचा आंकडा पहा.

हट्टी उमेदवाराची लोक थट्टा करतात. शेजारच्या पुण्यांत कसबा पेठेंत रवींद्र धंगेकर २००९ आणि २०१४ सालीं हरले होते. २०२३ च्या पोटनिवडणुकींत तेच निवडून आले आणि थट्टा करणारेच हार घेऊन गेले. पुढच्या वर्षीं ज्या हेमंत रासने यांस त्यांनीं हरविलें होतें त्यांनींच त्यांस हरविलें. तेव्हां रासने यांसहि पुन्हां उभें राहण्याचा उपयोग झालाच.

पक्षांतर्गत मतदान आपल्याकडे अगदींच अपरिचित आहे असें नाहीं. १९३९ सालीं सुभाषबाबू काँग्रेसचे पदारूढ अध्यक्ष असतां पट्टाभि सीतारामय्या त्यांच्याविरुद्ध उभे होते आणि १५८० विरुद्ध १३७७ मतांनीं सुभाषबाबू निवडून आले. मात्र त्यानंतर थोड्याच महिन्यांत त्यांस राजीनामा द्यावा लागला. निवडून येणें आणि निवड मानली जाणें ह्यांतलें अंतर त्या वेळीं देशानें पाहिलें. २०१४ च्या लोकसभेच्या वेळीं काँग्रेसनें थोड्या मतदारसंघांत अशी पूर्वनिवड करून पाहिली, त्यांत आपलें लातूर होतें. तो प्रयोग तेथेंच राहिला.

आमचें मत विचाराल तर आम्ही पूर्वनिवडीच्या बाजूचे आहों, परंतु पूर्ण मनानें नाहीं. पैसा तेथेंहि बोलतो, आणि नऊ जणांत मतें फुटून अठ्ठावीसांवर निकाल लागतो. तरीहि हरलेल्यास दोन वर्षांनीं पुन्हां त्याच मतदारांच्या दारीं जातां येतें, कोणाच्या खिशांतल्या कागदाची वाट पहावी लागत नाहीं. सह्यांची अट मात्र आम्हांस बोंचली, आणि ती कां बोंचली तें सांगितल्यावांचून लेख संपविणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

आम्ही एका लहानशा वाचनालयाचे चिटणीस आहों. नांव सांगत नाहीं. अकरा वर्षें झालीं. कारखान्यांतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आमच्याविरुद्ध दोनदां उभे राहिले. पहिल्या वेळीं पुष्कळ मतांनीं हरले, दुसऱ्या वेळीं नऊ मतांनीं. सायंकाळीं वाचनालय आठपर्यंत उघडें ठेवावें आणि मुलांसाठीं वेगळें कपाट करावें, एवढेंच त्यांचें म्हणणें. तिसऱ्या वेळीं त्यांनीं अर्ज दिला. त्यांच्या अनुमोदकाची वर्गणी दोन महिने थकली होती, आणि नियमाप्रमाणें थकबाकीदारास अनुमोदन देतां येत नाहीं. हें समितीच्या ध्यानांत आलें नव्हतें. तें ध्यानांत आणून दिलें आम्हीं. वर्गणीवही आमच्याच टेबलावर असते. अर्ज बाद झाला आणि आम्ही बिनविरोध निवडून आलों. नियम बरोबर होता, बोट ठेवलें तेंहि बरोबर जागीं होतें, आणि पेढे वाटतांना एकानेंहि कांहीं विचारलें नाहीं. घरीं मात्र सूनबाईंनीं पेढा हातांत घेऊन, "बाबा, किती मतांनीं?" एवढेंच विचारलें होतें.

ते गृहस्थ त्यानंतरहि रोज येतात. वर्तमानपत्र वाचतात, घडी नीट करून ठेवतात, नमस्कार करतात. सायंकाळीं सहाला आम्ही कुलूप लावतों तेव्हां ते पायरीवर उभे असतात.

येत्या चैत्रांत पुन्हां निवडणूक आहे. गेल्या गुरुवारीं आम्ही कोरा अर्ज घेऊन त्यांच्या घरीं गेलों. अनुमोदकाच्या जागीं आमची सही करून नेली होती. आमची वर्गणी वर्षअखेरपर्यंत भरलेली आहे. त्यांनीं चष्मा लावून अर्ज दोन्ही बाजूंनीं वाचला, सही पाहिली आणि म्हणाले, "मास्तर, तुम्हीं स्वतः उभें राहणार नाहीं काय?" आम्ही म्हटलें, राहणार आहों. त्यावर ते थोडे हंसले आणि अर्ज त्यांनीं देवघराशेजारच्या खणांत ठेवला. भरतों असें म्हणाले नाहींत, आणि परतहि दिला नाहीं.