पहाटेचा आकडा

मंडळी, दुबईहून शारजाला जायला किती वेळ लागतो? पहाटे पाचला विचाराल तर वीस-पंचवीस मिनिटं. संध्याकाळी सहाला अल इत्तिहाद रोडवर अडकलेला माणूस जे सांगेल ते मात्र इथे छापता येणार नाही! रस्ता तोच, गाडी तीच. इंटरनेटचंही असंच आहे, हे इंजिनिअर म्हणवणाऱ्या आम्हाला फार उशिरा कळलं.

दर रविवारी आम्ही पुण्याला आईला व्हिडिओ कॉल लावतो. हल्ली बोलणं एकमेकांवर आदळायचं. आधी दोघंही गप्प, मग दोघंही एकदम. शेवटी आई म्हणायची, "घाईत दिसतोस, ठेवते." आम्ही रात्री सगळे झोपल्यावर लाइन तपासली. पिंग 40 मिलिसेकंदांच्या आसपास. म्हणजे दोष पुण्याच्या वायफायचा, असं आम्ही जाहीर करून टाकलं!

एका रविवारी चिरंजीव शाळेचा व्हिडिओ अपलोड करत असताना पुन्हा पिंग लावलं. आकडा हजाराच्या वर!

कारण साधं आहे. घरच्या राउटरमध्ये बहुधा लिनक्स असतं. त्याच्या कर्नेलमध्ये बाहेर जाणाऱ्या पॅकेटांची रांग पूर्वापार 1000 पॅकेटांची. एक पॅकेट 1500 बाइटचं धरलं, तर भरलेली रांग 15 लाख बाइटांची. 10 मेगाबिटच्या अपलोडवर ती रिकामी व्हायला 1.2 सेकंद लागतात. म्हणजे आईला म्हटलेलं "बोल ना" चिरंजीवांच्या व्हिडिओमागे ताटकळत उभं!

यावर कॅथलीन निकल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी 2012 मध्ये 'कोडेल' नावाची युक्ती मांडली. रांगेतला वेळ 100 मिलिसेकंदभर सतत 5 मिलिसेकंदांच्या वर राहिला, की ती एखादं पॅकेट टाकून देते. पाठवणारा ते ओळखून वेग कमी करतो. त्याच वर्षी लिनक्स 3.5 मध्ये ती आली. सोबत प्रत्येक संभाषणाला स्वतंत्र रांग देणारा तिचा प्रकारही आला. राउटरमध्ये 'एसक्यूएम' नावाची सोय असेल तर ती चालू करा आणि अपलोडची मर्यादा खऱ्या वेगापेक्षा थोडी कमी ठेवा. मग रांग मोडेममध्ये न साचता आपल्या ताब्यात राहते.

आम्ही ते केलं. गेल्या रविवारी अपलोड चालू असतानाही आई चाळीस मिनिटं बोलली. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख ठरली आहे, हे ती तीन आठवडे सांगू पाहत होती.

तेव्हा मंडळी, लाइन तपासायची तर घर गजबजलेलं असताना तपासा. पहाटेच्या आकड्यावर आम्ही उगाच पुण्याला बोल लावला.