रोजा एकाचा, घर दोघांचे

बौद्ध मुलगी आणि मुस्लिम मुलगा, किंवा याच्या उलट, अशी लग्ने आता आपल्या वस्त्यांतही होतात. मुळशी तालुक्यात पिरंगुटला कारखाने आले, हिंजवडीला मोठमोठ्या कंपन्या आल्या. गावोगावची मुले-मुली एका खात्यात कामाला लागली, एका बसने ये-जा करू लागली. ओळख होते, मन जुळते, लग्न होते. लग्नाच्या गडबडीत कोणाला फारसे प्रश्न पडत नाहीत. प्रश्न पडतो तो पहिला रमजान आला की.

अशा घरातल्या आपल्या भगिनींची कुचंबणा आम्ही जवळून पाहिली आहे. माहेरचे म्हणतात, "बाबासाहेबांनी आपल्याला उपास-तापासांतून बाहेर काढले, आणि तू पहाटे चारला उठून सहरी रांधतेस?" सासरचे म्हणतात, "या घरात आलीस, आता तूही रोजे धर." दोन्हीकडून बोलणी खायची ती तिनेच.

माहेरच्यांना आमचे सांगणे असे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बाबासाहेबांनी ज्या 22 प्रतिज्ञा दिल्या, त्यांत नवऱ्याला पहाटे दोन घास गरम करून देऊ नयेत असे कुठेही नाही. उलट प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा त्यांत आहे. सासरच्यांना सांगणे असे की, रोज्याला नियत लागते हे तुमचाच धर्म सांगतो. सासूच्या धाकाने उपाशी राहिलेल्या सुनेचा रोजा कसला? ती नुसतीच उपासमार.

आणि संयम काय आपल्याला अनोळखी आहे? पौर्णिमेला उपोसथ पाळणारे उपासक-उपासिका अष्टशील घेतात आणि दुपारी बारानंतर दुसऱ्या दिवशीच्या पहाटेपर्यंत जेवत नाहीत. रोजेदार पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अन्न तर नाहीच, पाणीही घेत नाही. रमजान चांद्र महिना असल्याने त्याच्या चौदा-पंधरा तारखेच्या आगेमागे पौर्णिमा येतेच. त्या दिवशी एकीचे जेवण दुपारी संपते, दुसऱ्याचे दिवस मावळल्यावर सुरू होते. ताट एकत्र होत नाही, पण एकमेकांची भूक दोघांनाही कळते. नवऱ्याने त्या दिवशी बायकोला दुपारच्या आत जेवायची आठवण करावी. तिने संध्याकाळी त्याच्यासाठी खजूर आणि पाणी काढून ठेवावे. यात कोणाचा धर्म बाटत नाही.

आता रोजचे व्यवहार. मार्चमधला रमजान असेल तर पुण्याकडे पहाटे साडेचारला तरी चूल पेटवावी लागते, आणि रोजा सुटायला संध्याकाळचे पावणेसात होतात. एका खोलीच्या घरात दिवा लागला की सगळेच जागे होतात. म्हणून सहरीचा भात-कालवण रात्रीच करून ठेवावे. पहाटे उठून ते गरम करण्याचे काम रोजा धरणाऱ्याने स्वतः करावे, निदान एक दिवसाआड तरी. बायको सातच्या पाळीला जाणार असेल तर तिलाही झोप हवीच. नवरा दुसऱ्या पाळीला असेल तर त्याचा रोजा मशीनपाशीच सुटणार. डब्यात खजूर आणि भरलेली बाटली द्यायला विसरू नये. रोजा नसलेल्याने घरात चोरून पाणी पिण्याची गरज नाही, आणि मुद्दाम समोर बसून चमचमीत खाण्याचीही नाही.

आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोज्याची सवलत कुराणातच आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनाही सूट दिली जाते. साखरेचा आजार असणाऱ्याने डॉक्टरांना आधी विचारावे. लहान मुलांवर रोजा बंधनकारक नाही. 2025 साली रमजान आणि दहावीची परीक्षा मार्चमध्ये एकत्रच आली होती. अशा वेळी मुलाच्या अभ्यासाचा विचार आई-बापाने मिळून करावा.

एक गोष्ट मात्र आम्ही ठासून सांगू. असे लग्न 1954 च्या विशेष विवाह कायद्याखालीच करावे. विवाह अधिकाऱ्याकडे 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते, तीन साक्षीदार लागतात, आणि कोणालाही धर्म बदलावा लागत नाही. दुसरी बायको करता येत नाही. घटस्फोट कोर्टातूनच होतो. वारसाहक्क 1925 च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे मिळतो आणि त्यात मुलगा-मुलगी समान आहेत. आपल्या मुलींनी हेही ध्यानात ठेवावे की अनुसूचित जातीचा जो दर्जा 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांना मिळाला, तो इस्लाम स्वीकारल्यावर राहत नाही. नोकरीचा, शिक्षणाचा प्रश्न आहे. कोणाच्या आग्रहाखातर कागदावर सही करण्याआधी दहा वेळा विचार करावा.

या कायद्याचे मोल मुस्लिम सुधारकांनीही ओळखले होते. पुण्यात 22 मार्च 1970 रोजी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन करणारे हमीद दलवाई यांनी 1956 साली मेहरुन्निसाबाईंशी निकाह केला आणि त्यानंतर याच कायद्याखाली पुन्हा लग्न केले. दोघेही एकाच धर्मात जन्मलेले, तरीही बायकोचा हक्क कायद्याने पक्का असावा असे त्यांना वाटले. मग दोन धर्मांच्या घरात त्याची गरज किती, हे वेगळे सांगायला नको.

बाबासाहेबांनी 1936 साली जातीवरचा खरा उपाय म्हणून आंतरजातीय विवाह सांगितला. रक्त मिसळल्यावरच आपलेपणा येतो, हे त्यामागचे कारण होते. तो आपलेपणा भाषणातून येत नाही, तो स्वयंपाकघरात कमवावा लागतो. 2021 साली 14 एप्रिलला, भीमजयंतीच्याच दिवशी, आपल्याकडे रमजानचा पहिला रोजा आला होता. चंद्राच्या हिशेबाने हे दिवस पुन्हा कधीतरी एकत्र येतील. तेव्हा नवऱ्याने रोजा धरूनही बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घालावा, आणि संध्याकाळी जयंतीची खीर इफ्तारच्या ताटात वाढावी. रोजा ज्याचा त्याने धरावा, पण घर मात्र दोघांनी मिळून सांभाळावे.