साडेपाच कोटी भाडी, एक प्रवासी

सप्टेंबर २०२४ मधली गोष्ट. लिव्हरपूलजवळच्या ब्रॉड ग्रीन स्थानकावरून एक तरुण इंजिनिअर सकाळच्या गाडीनं विगनला निघाला. तिकीट रीतसर काढलेलं, सोबत सवलतीचं रेलकार्ड. तिकिटाचा प्रकार ‘एनीटाइम’, म्हणजे दिवसभरात कुठल्याही गाडीला चालणारा. तरीही तपासनिसानं त्याला धरलं. सोळा ते पंचवीस वयोगटाच्या या रेलकार्डाला एक उपनियम चिकटलेला आहे: सोमवार ते शुक्रवार सकाळी दहाच्या आत प्रवास केला, तर किमान भाडं १२ पौंड. त्याहून स्वस्त तिकिटाला त्या वेळेत सवलत नाही. या हिशेबानं त्यानं भरलेले पैसे १ पौंड ९० पेन्सनं कमी पडत होते, म्हणजे आपले साधारण दोनशे रुपये. फरक जागच्या जागी द्यायला तो तयार होता. पण प्रकरण फौजदारी खटल्याच्या इशाऱ्यापर्यंत गेलं. वर्तमानपत्रांत बोभाटा झाला तेव्हा ‘नॉर्दर्न’ कंपनीनं माघार घेतली आणि सरकारला रेल्वे नियामकाकडून एकूण तिकीटतपासणीचीच चौकशी करवावी लागली.

हा उपनियम जुलै आणि ऑगस्टमध्ये लागू नसतो. म्हणजे तोच मुलगा तेच तिकीट, तेच कार्ड घेऊन ऑगस्टातल्या एखाद्या सकाळी निघाला असता, तर तपासनीस ‘थँक यू’ म्हणून पुढच्या बाकाकडे वळला असता.

पुण्या-मुंबईहून, नागपूर-कोल्हापूरहून शिकायला गेलेली मुलं ब्रिटनमध्ये उतरल्यावर जी कामं लगेच उरकतात, त्यात हे कार्ड असतंच. ३५ पौंडांत वर्षभर एक तृतीयांश सूट. पूर्ण वेळ विद्यार्थी असेल तर पंचविशी उलटलेल्यालाही मिळतं. सीनियर मंडळी कार्ड काढायचा सल्ला आवर्जून देतात. सकाळी दहाची मेख सांगायला विसरतात.

२०१९ साली तिथल्या रेल्वे कंपन्यांच्याच संघटनेनं सांगून टाकलं, की त्यांच्या यंत्रणेत सुमारे साडेपाच कोटी वेगवेगळी भाडी आहेत. देशाची लोकसंख्या सात कोटींच्या आत. त्याआधी २००८ मध्ये एकदा साफसफाई झाली होती. सेव्हर, सुपरसेव्हर, चीप डे रिटर्न अशी जुनी नावं मोडीत काढून एनीटाइम, ऑफ-पीक आणि ॲडव्हान्स असे तीन मुख्य गट केले. नावं आटोक्यात आली, नियम नाही. ‘ऑफ-पीक’ म्हणजे गर्दी सोडून इतर वेळ, हे कुणालाही कळतं; पण गर्दी केव्हा संपते हे स्थानकागणिक, मार्गागणिक आणि कंपनीगणिक बदलतं. शिवाय ‘सुपर ऑफ-पीक’ नावाचा पोटभेद आहेच. काही मार्गांवर परतीचं दिवसाचं तिकीट एकेरीपेक्षा फक्त दहा पेन्सनं महाग असतं, त्यामुळे परत न येणारा माणूससुद्धा परतीचं तिकीट काढतो. कोणत्या वाटेनं गेलेलं चालेल, यासाठी ‘राउटिंग गाइड’ नावाचा ग्रंथ आहे: नकाशे, नियम, नियमांना अपवाद आणि त्या अपवादांमधून पुन्हा सूट. धर्मसिंधू उलगडून मुहूर्त सांगणाऱ्या शास्त्रीबुवांना तो बहुधा चटकन उमगेल.

हे सगळं कुणीतरी मुद्दाम प्रवाशाला छळायला रचलं, असं वाटणं साहजिक आहे. खरं कारण जास्त रंजक आहे.

जॉन मेजर यांच्या सरकारनं १९९३ मध्ये रेल्वे कायदा केला आणि ब्रिटिश रेलचे तुकडे पाडले. रूळ एकाकडे, डबे भाड्यानं देणारे दुसरेच, आणि प्रवासी गाड्या चालवायला पंचवीस ठेके. हे करताना दोन वचनं एकाच वेळी दिली गेली. प्रवाशांना सांगितलं, जाळं एकच राहील. कुठूनही कुठलंही सलग तिकीट मिळेल आणि ते वाटेतल्या सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांत चालेल. कंपन्यांना सांगितलं, स्पर्धा करा, गिऱ्हाईक आपल्याकडे ओढा. आता एकाच रुळावर तीन कंपन्यांच्या गाड्या धावत असतील आणि तिकीट तिन्हींत चालत असेल, तर पैसे कुणाचे?

ही वाटणी ‘ऑरकॅट्स’ नावाची संगणकप्रणाली करते. प्रवासी प्रत्यक्षात कुणाच्या गाडीत बसला, हे तिला ठाऊक नसतं. वेळापत्रकात कुणाच्या किती गाड्या आहेत, किती वेगवान आहेत, यावरून ती अंदाज बांधते आणि पैसे वाटते. कंपन्यांच्या हे ध्यानात यायला वेळ लागला नाही. दुसऱ्याच्या मार्गावर आपल्या चार गाड्या घातल्या, तर त्या निम्म्या रिकाम्या धावल्या तरी गल्ल्यात वाटा मिळतो. रेल्वेवाल्यांच्या बोलीत याला ‘ऑरकॅट्स रेड’ म्हणतात. दुसरी युक्ती याहून सोपी: फक्त आपल्याच गाडीत चालेल असं स्वस्त तिकीट विकायचं, म्हणजे वाटणीचा प्रश्नच नाही, सगळा पैसा आपला. अमुक कंपनी ‘ओन्ली’ अशी शेपटी ज्या तिकिटांना असते, त्यांचा जन्म या हिशेबातून झाला. चुकीच्या रंगाच्या गाडीत चढलेल्या प्रवाशाला दंड होतो तोही यापायीच.

वाटणीचा मोह किती मोठा, हे खासगीकरणाच्या मुहूर्तालाच दिसलं होतं. लंडन-टिलबरी-साउथएंड मार्गाचा ठेका तिथल्याच व्यवस्थापकांच्या गटाकडे जायचा होता. फेब्रुवारी १९९६ मध्ये, हस्तांतर तोंडावर आलेलं असताना, तो ऐनवेळी रोखावा लागला. तिकीटविक्रीची नोंद अशी फिरवली जात होती, की लंडनच्या भूमिगत रेल्वेच्या वाट्याचे पैसे यांच्या खात्यात यावेत.

स्पर्धेचे नमुनेही बघण्यासारखे आहेत. लंडनहून बर्मिंगहॅमला जायला यूस्टन स्थानकावरून अवंतीची वेगवान गाडी आहे. त्याच स्थानकावरून लंडन नॉर्थवेस्टर्नची रमतगमत जाणारी स्वस्त गाडी आहे. आणि मेरिलबोन स्थानकावरून चिल्टर्नची तिसरी वाट आहे. इथं निदान तीन वेगळे धंदे आहेत. लंडन ते गॅटविक विमानतळ या मार्गावर गॅटविक एक्स्प्रेस, सदर्न आणि थेम्सलिंक अशी तीन नावं, त्यांची भाडी वेगळी, आणि तिन्ही नावं एकाच कंपनीची. आपणच आपल्याशी स्पर्धा करून जिंकायची ही कला.

या गुंत्याचा खरा मजेदार अध्याय स्विंडनला घडतो. हे शहर मुळात रेल्वे कारखान्याचं, आणि गेल्या काही दशकांत गोंयकारांचं. पोर्तुगीज पासपोर्टावर गोव्याहून आलेल्या कुटुंबांची ब्रिटनमधली सर्वांत मोठी वस्ती इथली मानली जाते. ऐन गर्दीच्या वेळी स्विंडनहून लंडनला जायचं भाडं अंतराच्या मानानं भलतंच जड आहे. म्हणून मुरलेला प्रवासी दोन तिकिटं काढतो: स्विंडन ते डिडकॉट आणि डिडकॉट ते लंडन. गाडी तीच, बाक तोच, डिडकॉटला जागेवरून हलायचंही नाही. दोन्ही तिकिटांची बेरीज मात्र एका सलग तिकिटापेक्षा बरीच कमी. हे पूर्णपणे कायदेशीर आहे. अट एकच, गाडी डिडकॉटला थांबली पाहिजे. न थांबणाऱ्या जलद गाडीत हीच दोन तिकिटं घेऊन बसलं, की तिकीट असूनही विनातिकीट.

डिडकॉटच का? ब्रिटिश रेलनं १९८६ मध्ये लंडनभोवतीच्या गाड्यांना ‘नेटवर्क साउथईस्ट’ हे नाव दिलं. डिडकॉट त्या विभागात होतं, स्विंडन लांब पल्ल्याच्या ‘इंटरसिटी’त. तो विभाग मोडला, ब्रिटिश रेल गेली, मध्ये कंपन्यांची कितीतरी नावं बदलली; भाड्यातली ती सीमारेषा आजही जिथल्या तिथे आहे. अशी तुटक तिकिटं शोधून देऊन बचतीतला हिस्सा घेणारी संकेतस्थळं हा तिथं आता स्वतंत्र धंदा झाला आहे.

इतक्या आडवळणांच्या व्यवस्थेत माणूस चुकणारच. त्या चुकीकडे बघण्याची नजर मात्र १८८९ च्या रेल्वे कायद्याची आहे. त्या कायद्याखालचे हजारो खटले कंपन्यांनी एका झटपट पद्धतीनं चालवले, ज्यात एकटा दंडाधिकारी बंद दाराआड फक्त कागद बघून निकाल देतो. या गुन्ह्यांना ही पद्धत लागूच होत नव्हती. ऑगस्ट २०२४ मध्ये मुख्य दंडाधिकारी पॉल गोल्डस्प्रिंग यांनी असे खटले रद्दबातल ठरवले. त्यांची संख्या सुमारे ७४ हजारांच्या घरात होती. प्रवाशाची १ पौंड ९० पेन्सची चूक गुन्हा, आणि कंपन्यांची ७४ हजार वेळा झालेली चूक प्रशासकीय त्रुटी. हा हिशेब ऑरकॅट्सलाही जमला नसता.

आपल्याकडे चर्चगेट-विरार लोकलला सकाळी आठला आणि दुपारी दोनला भाडं एकच असतं, आणि टीसीनं पकडलं तर दंड भरून सुटका होते. पण फार ऐटीत राहायचं कारण नाही. राजधानी, शताब्दी आणि दुरांतोला सप्टेंबर २०१६ मध्ये फ्लेक्सी भाडं आलं, दर दहा टक्के जागा भरल्या की भाडं दहा टक्क्यांनी वर. वाट तीच आहे.

ब्रिटननं आता कंपन्या परत सरकारकडे घ्यायला सुरुवात केली आहे. मे २०२५ मध्ये साउथ वेस्टर्न रेल्वे आली. वोकिंगहून पहाटे ५.३६ ला सुटलेल्या तिच्या पहिल्या सरकारी फेरीत वाटेत उतरून बसनं जावं लागलं, कारण रुळांचं काम चालू होतं. जुलैमध्ये सीटूसी आली, म्हणजे तोच साउथएंडचा मार्ग. पुढे हे सगळं ‘ग्रेट ब्रिटिश रेल्वेज’ या एका छत्राखाली जायचं आहे. पण मालक बदलला म्हणजे तिकिटाचे नियम सुधारतात, हा भाबडेपणा ठरेल. १ पौंड ९० पेन्ससाठी पोराला कोर्टाची भीती घालणारी नॉर्दर्न तेव्हा सरकारीच होती, मार्च २०२० पासून.

सुलभतेचाही एक प्रयोग झाला आहे, आणि तो करणारी एलएनईआर ही रेल्वे कंपनीही २०१८ पासून सरकारीच. २०२४ मध्ये तिनं लंडनहून न्यूकॅसल आणि एडिनबरोच्या प्रवासातून ऑफ-पीक तिकिटं काढून टाकली. उरले तीन पर्याय: ठरलेल्या गाडीचं ॲडव्हान्स, त्या गाडीच्या मागेपुढे सत्तर मिनिटं मोकळीक देणारं थोडं महाग तिकीट, आणि सर्वांत महाग एनीटाइम. समजायला सोपं, यात शंका नाही. पण दुपारी मनात आलं आणि स्थानकावर जाऊन बेताच्या दरात कुठलीही गाडी पकडली, ही सोय त्यात गेली. दवाखान्यातून किंवा मयताहून परतणाऱ्याला आपली गाडी आधी ठरवता येत नाही. त्याच्यासाठी जुनं गुंतागुंतीचं तिकीट जास्त सोयीचं होतं.

मार्च २०२७ पर्यंत इंग्लंडमध्ये भाडेवाढ होणार नाही, असं सरकारनं नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं. तीस वर्षांत असं प्रथमच घडलं. ही सूट नियंत्रित भाड्यांपुरती आहे, म्हणजे मुख्यतः पास आणि ठरावीक ऑफ-पीक परतीची तिकिटं. ॲडव्हान्सचे दर गाडी भरेल तसे चढतच राहणार. आणि हातातलं तिकीट नियंत्रित आहे की अनियंत्रित, हे त्यावर कुठेही छापलेलं नसतं.