शौर्याचा सत्कार आणि सुरक्षिततेचा हिशेब

१४ मे २०१८ च्या सकाळी चीनमधील चुंगचिंगहून ल्हासाकडे निघालेले सिचुआन एअरलाइन्सचे एअरबस ए-३१९ विमान सुमारे ३२ हजार फुटांवर असताना वैमानिक-कक्षाची उजवीकडची समोरची काच तडकली. काच तापविणाऱ्या यंत्रणेतील बिघाडाची सूचनाही त्याच वेळी उमटली. विमान चंगदूकडे वळविण्याचा निर्णय झाला. परंतु थोड्याच वेळात ती काच उडून गेली. सहवैमानिक कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. आसनाच्या पट्ट्यामुळे तो वाचला. बाहेरचे तापमान शून्याखाली ३० ते ४० अंश, अंगात अर्ध्या बाह्यांचा सदरा, वाऱ्याच्या गर्जनेत रेडिओवरील शब्द ऐकू येईना आणि खाली उंच पर्वत, म्हणून विमान एकदम खाली आणण्याचीही सोय नाही. अशा स्थितीत कप्तान ल्यू चुआनज्यान यांनी अर्ध्या तासाहून अधिक काळ विमान सांभाळले व चंगदूला सुखरूप उतरविले. ११९ प्रवासी व ९ कर्मचारी वाचले. सरकारने सत्कार केला, २०१९ मध्ये चित्रपटही निघाला. हे सारे योग्यच झाले. या कर्मचाऱ्यांचे कौतुक करावे तेवढे थोडेच.

प्रश्न आहे तो टाळ्या थांबल्यानंतरचा. काचेवर बर्फ वा दव धरू नये म्हणून तिच्या थरांमध्ये विजेवर तापणारा पडदा असतो. चौकशीतून निघालेला सर्वाधिक संभाव्य निष्कर्ष असा, की कडेच्या रबरी आवरणाला इजा होऊन आत पाणी शिरले, दीर्घकाळ ओलीत राहून विजेच्या तारेचे आवरण निकामी झाले, ठिणग्या झडत राहिल्या आणि त्या उष्णतेने काचेचे भार पेलणारे दोन्ही थर तडकले. म्हणजे संकट आकाशात उद्भवले असले तरी ते तयार होत होते कितीतरी आधीपासून, डोळ्यांआड. वैमानिकाच्या शौर्याचा प्रसंग येतो तो अशा ठिकाणी, जेथे त्याच्या आधीचे सारे पहारे निसटलेले असतात.

हे पहारे कसे निसटतात याचा अधिक उघड दाखला इंग्लंडमध्ये मिळाला होता. १० जून १९९० रोजी बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची अशीच समोरची काच उडाली. कप्तान अर्धा बाहेर लोंबकळत राहिला, सहकाऱ्यांनी त्याचे पाय घट्ट धरून ठेवले आणि सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरविले. सर्व ८७ जण वाचले. चौकशीत आढळले ते असे: काच नुकतीच बदललेली होती आणि तिच्या ९० बोल्टांपैकी ८४ बोल्ट नेमक्या मापापेक्षा किंचित बारीक होते. काम झाले ते रात्रपाळीत, पहाटेच्या सुमारास. पाळीवर माणसे कमी, म्हणून पाळीप्रमुखाने ते स्वतःच केले. भांडारात हव्या त्या बोल्टांचा साठा अपुरा होता. आणि दुसऱ्या माणसाने ते काम तपासावे असा नियमच नव्हता.

त्या पाळीप्रमुखाची चूक होतीच. तथापि माणूस चुकतो हे गृहीत धरूनच दुसरी तपासणी, पुरेसा साठा आणि पुरेशी माणसे ठेवावयाची असतात. या तिन्ही गोष्टी जमाखर्चात खर्चाच्या बाजूला पडतात. त्यांतून टळलेला अपघात मात्र जमेच्या बाजूला कधीच दिसत नाही. म्हणून काटकसरीची कुऱ्हाड प्रथम त्यांच्यावरच चालते: बचत मालकाच्या पदरी पडते, जोखीम कर्मचारी व प्रवासी यांच्या माथी येते. केवळ मालकी बदलल्याने हा हिशेब आपोआप बदलत नाही. सिचुआन एअरलाइन्स ही सरकारी मालकीचीच कंपनी आहे, हे समाजवाद्यांनीही ध्यानात ठेवावे.

सुरक्षितता अखेर श्रमिकाच्या वेळेतून आणि उसंतीतून निर्माण होते. भारतात हाच वाद वैमानिकांच्या विश्रांतीवरून झाला. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेणारे आणि रात्रीच्या उड्डाणांवर मर्यादा घालणारे नियम जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले. कंपन्यांच्या विरोधामुळे ते लांबणीवर पडले, वैमानिकांच्या संघटनांना न्यायालयात जावे लागले, आणि २०२५ मध्ये ते टप्प्याटप्प्याने लागू झाले. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द होताच सरकारने त्या कंपनीला रात्रपाळीच्या नियमांतून तात्पुरती सूट दिली. नियोजन चुकले कंपनीचे, शिथिल झाला मात्र थकव्यावरचा नियम!

विमान असो, रेल्वे असो वा गिरणी, सत्काराचा हार वीराच्या गळ्यात जरूर पडावा. परंतु कामगार संघटनांनी आणि पक्षाच्या कार्यकर्त्यांनी त्याच दिवशी विचारावयाचे प्रश्न वेगळे आहेत: पाळीवर माणसे किती होती? ती किती तास जागी होती? त्यांचे काम दुसऱ्या कोणी तपासले काय? ज्या व्यवस्थेला वारंवार वीरांची गरज भासते, तिने आपले साधे कर्तव्य केलेले नसते.