निवड एका दिवसाची, गुडघा जन्माचा

प्रो कबड्डीचा लिलाव झाला की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत कोटींचे आकडे झळकतात. कोणाला किती मिळाले, कोणता संघ कोणावर अडून बसला, याची चर्चा आठवडाभर पुरते. लिलावाच्या कडेला आणखी एक निवड होत असते, तिची बातमी चार ओळींची असते. ‘नवे तरुण खेळाडू’ या गटात संघ काही पोरसवदा मुले घेतात. चाचण्या होतात, शिबिरे होतात, आणि शेकडो मुलांतून मूठभर उरतात. गावोगावच्या मैदानांवर खेळणाऱ्या मुलांच्या डोळ्यांसमोर असते ती हीच निवड, कोटींचा लिलाव फार पुढची गोष्ट.

भातकापणी उरकली, खळी मोकळी झाली की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत कबड्डीचे दिवस येतात. शेणवा, किन्हवली, डोळखांब, तिकडे सरळगाव, टोकावडे या पट्ट्यातल्या मुलांना मैदान म्हणजे मुरूम पसरून, पाणी मारून, रोलर फिरवून केलेली जमीन. दिव्यांच्या उजेडात रात्री उशिरापर्यंत सामने चालतात आणि कडेला उभा असलेला कोणी जाणकार हमखास म्हणतो, “हा पोरगा पुढे जाणार.” हा अंदाज किती भरवशाचा, आणि तो चुकला तर त्याची किंमत कोण मोजतो, हे प्रश्न क्रीडा पानापेक्षा आरोग्याच्या पानावर जास्त शोभतात. कारण त्यांची उत्तरे बरीचशी शरीरशास्त्रात आहेत.

नवख्यांच्या निवडीचा सर्वांत मोठा आणि सर्वांत जास्त अभ्यासला गेलेला प्रयोग अमेरिकेत चालतो. तिथल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये १९३६ पासून दरवर्षी ‘ड्राफ्ट’ होतो. आज ३२ संघ सात फेऱ्यांत महाविद्यालयीन खेळाडू पाळीपाळीने उचलतात. आदल्या वर्षी तळाला राहिलेल्या संघाला पहिली पाळी मिळते. निवडीआधी मुलांची उंची, वजन, हाताच्या पंजाची रुंदी, उडी, ठरावीक अंतराची धाव असे सगळे मोजले जाते. पैसा, संगणक, डॉक्टर, माजी खेळाडू, कशाचीच कमतरता नाही. तरीही पुढे नोबेल मिळवलेले अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर आणि त्यांचे सहकारी केड मॅसी यांनी अनेक वर्षांच्या निवडी तपासल्या, तेव्हा निकाल गमतीदार निघाला. एकाच जागेवर खेळणाऱ्या, लागोपाठ निवडलेल्या दोन खेळाडूंपैकी आधी निवडलेला नंतरच्यापेक्षा सरस ठरण्याची शक्यता फक्त ५२ टक्के. म्हणजे नाणे उडवण्यापेक्षा जेमतेम बरे. या खेळातला सर्वांत यशस्वी मानला जाणारा टॉम ब्रेडी २००० साली १९९ व्या क्रमांकावर निवडला गेला होता. त्याच्याआधी १९८ जणांची नावे पुकारली गेली होती.

निवडणारे मूर्ख होते असा याचा अर्थ नाही. कोण पूर्णपणे नालायक आहे हे ओळखणे सोपे असते. चांगल्यांतून चांगला कोण होईल हे ओळखणे जवळजवळ अशक्य असते. आणि अमेरिकेत निवड होते ती विशी गाठलेल्या, वाढ पूर्ण झालेल्या तरुणांची. आपल्याकडे गावातला पहिला चाळणीचा टप्पा येतो चौदा-पंधराव्या वर्षी, म्हणजे शरीर सर्वांत फसवे असते नेमके तेव्हा.

मुलग्यांची उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती सरासरी चौदाव्या वर्षाच्या आसपास. पण ही सरासरी आहे. कोणाचा हा झपाटा बाराव्या वर्षी येतो, कोणाचा सोळाव्या. त्यानंतर स्नायू भरतात, ताकद वाढते. त्यामुळे एकाच वर्गातली, एकाच वजनी गटात खेळणारी दोन मुले कागदावर समवयस्क असली तरी शरीराने दोन-तीन वर्षांनी मागेपुढे असू शकतात. लवकर वाढलेला मुलगा त्या वर्षी उत्तम पकड करतो, चषक घेतो, त्याला जिल्ह्याच्या संघात घेतात, चांगला प्रशिक्षक मिळतो. उशिरा वाढणारा बाकावर बसतो आणि बहुतेकदा खेळ सोडतो. त्याचा झपाटा दोन वर्षांनी येतो, तेव्हा तो मैदानावर नसतोच. कॅनडातील आइस हॉकीवर १९८० च्या दशकात झालेल्या अभ्यासापासून आजवर अनेक खेळांत दिसले आहे की वयोगटाच्या सुरुवातीच्या महिन्यांत जन्मलेली मुले निवडीत जास्त असतात. काही महिन्यांचे मोठेपण गुणवत्ता म्हणून खपते.

आपल्याकडे त्यात आणखी एक गोम आहे. जन्मतारीख. एके काळी गावच्या शाळेत दाखल होणाऱ्या निम्म्या पोरांचा जन्म १ जूनचा असे, कारण गुरुजींना तीच तारीख सोयीची होती. आता जन्मदाखले असतात, पण वयचोरीचा संशय कोणत्याही स्पर्धेत संपलेला नाही. भारतीय क्रिकेट मंडळ त्यासाठी मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचे वय तपासते. ही पद्धत मुळात हाड किती पक्व झाले ते सांगते. कॅलेंडरचे वय तिला नेमके सांगता येत नाही. खोटारडा पकडण्यासाठी वापरतात तीच माहिती उलट बाजूनेही वाचता येते. हा मुलगा अजून वाढायचा आहे, थांबा, असेही ती सांगते.

शहापूर-मुरबाडच्या मुलांसाठी हा मुद्दा नुसता तांत्रिक नाही. लहानपणी पोट नीट भरले नाही तर वयात येणे लांबते, हे वैद्यकशास्त्राला चांगले ठाऊक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के मुले वयाच्या मानाने ठेंगणी आढळली होती. आदिवासी पाड्यांवरचे चित्र राज्याच्या सरासरीहून बरे असेल असे कोणी म्हणणार नाही. अशा घरातला मुलगा पंधराव्या वर्षी शहरातल्या, दूध-अंडी खाऊन वाढलेल्या समवयस्कासमोर उभा राहतो. चाळणी त्याला बाहेर टाकते. एकदा कुपोषणाने मागे पडला, दुसऱ्यांदा कुपोषणामुळे उशिरा वाढला म्हणून मागे पडला. मुंबईला पाणी पुरवणारी भातसा, तानसा ही धरणे ज्या तालुक्यात आहेत, त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. तिथल्या मुलांना हा न्याय तसा नवा नाही.

थांबून पाहण्याचे मोल दाखवणारे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. २०१८ च्या मोसमात दोन नवखे चढाईपटू एकाच वेळी चमकले. हरियाणाचा नवीन कुमार अठरा वर्षांचा होता. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई मात्र पंचविशी ओलांडून पहिल्यांदा प्रो कबड्डीत उतरला होता. यू मुंबाकडून त्याने पहिल्याच मोसमात चढायांचे दोनशेहून जास्त गुण मिळवले आणि पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख रुपये मोजले. विशीच्या आत निवड झाली नाही म्हणून त्याने खेळ सोडला असता तर हे नाव कोणी ऐकलेही नसते.

या दोघांच्या गोष्टीचा पुढचा भाग मात्र दवाखान्यातला आहे. देसाईला खांद्याने छळले, नवीनचा दहावा मोसम गुडघ्याने अर्ध्यावर थांबवला. २०२२ मध्ये तमिळ थलैवाजने २ कोटी २६ लाखांना घेतलेला पवन सेहरावत पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून सगळा मोसम बाहेर बसला. तो परतला, २०२३ च्या आशियाई स्पर्धेत भारताचे नेतृत्व करून सुवर्णपदक घेऊन आला. त्याच्यामागे शल्यचिकित्सक, फिजिओथेरपिस्ट आणि पगार होता.

शेणव्याच्या मैदानावर कोणाचा गुडघा पिळवटला तर काय होते? बर्फ, फवारा, मग हाडवैद्याची पट्टी, आठ-पंधरा दिवसांची विश्रांती, आणि सूज उतरली की पुन्हा मैदान. गुडघ्यात मांडीचे हाड आणि नडगी यांना तिरके बांधून ठेवणारा एक बळकट पट्टा असतो, ज्याला डॉक्टर आणि खेळाडू दोघेही ‘एसीएल’ म्हणतात. चढाईपटू झपकन दिशा बदलतो, त्याच वेळी कोपरारक्षक घोटा धरून ठेवतो. पाय जमिनीला खिळलेला आणि धड फिरलेले. हा पट्टा तुटण्यासाठी याहून सोयीची स्थिती नाही. तुटताना बऱ्याचदा ‘टक’ असा आवाज येतो, काही तासांत गुडघा फुगतो. नंतर दुखणे कमी होते, आणि घात तिथेच होतो. चालता येते म्हणून मुलगा बरा झाला असे वाटते, पण वळताना गुडघा निसटतो आणि प्रत्येक निसटण्यात आतली गादी, कूर्चा झिजत जाते. पस्तिशीत भाताच्या शेतात लावणीला वाकता न येणारा माणूस अशा एखाद्या विसरलेल्या रात्रीपासून तयार झालेला असू शकतो.

शस्त्रक्रिया झाली तरी घाई नडते. नॉर्वेतील एका अभ्यासात दिसले की शस्त्रक्रियेनंतर नऊ महिने होईपर्यंत खेळात परतणे जितके महिने लांबवले, तितके पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण दर महिन्यामागे सुमारे निम्म्याने घटले. आणि पंचविशीच्या आतले जे खेळाडू पुन्हा खेळू लागतात, त्यांच्यातील जवळपास दर चौघांमागे एकाला याच किंवा दुसऱ्या गुडघ्यात पुन्हा तीच दुखापत होते, असे अनेक अभ्यास एकत्र करून काढलेले अनुमान आहे. पुढच्या महिन्यात निवड चाचणी आहे असे कळल्यावर मात्र थांबायचा धीर कोणत्या अठरा वर्षांच्या मुलाला असेल?

मुलींचा प्रश्न याहून बिकट आहे. याच दुखापतीचा धोका मुलींत मुलग्यांपेक्षा दुप्पट ते तिप्पट असतो, राज्यातल्या १५ ते ४९ वयातल्या निम्म्याहून जास्त स्त्रियांचे रक्त कमी असते, आणि लिलाव तर त्यांचा नाहीच.

वजनी गटांची एक वेगळी डोकेदुखी आहे. गावच्या स्पर्धा बऱ्याचदा किलोच्या मर्यादेवर भरतात. मर्यादेत बसण्यासाठी मुले दोन दिवस उपाशी राहतात, स्वेटर घालून उन्हात धावतात, पाणी तोडतात. १९९७ मध्ये अमेरिकेत महाविद्यालयीन कुस्तीतली तीन मुले सुमारे महिन्याभरात अशाच खटाटोपात दगावली आणि तिथले नियम बदलावे लागले. पॅरिसमध्ये विनेश फोगाटला शंभर ग्रॅमने अंतिम कुस्ती गमवावी लागली तेव्हा सारा देश हळहळला, पण आदल्या रात्री तिच्या शरीरावर काय गुजरले असेल याची चर्चा थोडीच झाली. पाणी तोडलेले शरीर घाम गाळू शकत नाही, तापते, रक्त घट्ट होते. वाढीच्या वयात हे दर आठवड्याला करणे म्हणजे ज्या वाढीची वाट पाहायची, तिलाच आवर घालणे.

यावर उपाय म्हणून कोणी क्रीडा विज्ञान केंद्राची मागणी करील. ते व्हावे, पण त्यासाठी थांबायचे कारण नाही. दर तीन महिन्यांनी भिंतीवर खूण करून मुलाची उंची लिहून ठेवली तर झपाटा कधी आला ते शाळेतल्या क्रीडा शिक्षकालाही कळते. उभ्या उंचीसोबत बसलेली उंची आणि वजन घेतले तर वाढ किती बाकी आहे याचा ढोबळ हिशेब मांडता येतो. त्यात वर्षभराची चूक होऊ शकते, पण नुसत्या नजरेच्या अंदाजापेक्षा तो बरा. काही फुटबॉल अकादम्या मुलांना वयाऐवजी वाढीच्या टप्प्यानुसार गट पाडून अधूनमधून खेळवतात. जागतिक फुटबॉल महासंघाने तयार करवलेला वीस मिनिटांचा सरावपूर्व व्यायाम नियमित करणाऱ्या संघांत दुखापती तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहूनही कमी झाल्या. त्याला साधने लागत नाहीत. कबड्डीसाठी तो थोडा बदलावा लागेल, पण उडी मारून गुडघा आत न वळवता उतरणे, एका पायावर तोल सावरणे, मांडीच्या मागचे स्नायू बळकट करणे हे मुरमाच्या मैदानावरही शिकवता येते.

आयोजकांच्या हातात तर बरेच आहे. स्पर्धेच्या जमाखर्चात ट्रॉफी, मंडप, दिवे आणि पाहुण्यांचे हारतुरे यांना जागा असते. त्यातल्या एका ट्रॉफीच्या पैशात मैदानाशेजारी एक फिजिओथेरपिस्ट रात्रभर बसवता येईल. सामन्यात गुडघ्यातून आवाज आला किंवा काही तासांत सूज आली, तर तो खेळाडू डॉक्टरचा कागद आणल्याशिवाय त्या मोसमात खेळणार नाही, असा नियम मंडळे आपापसात करू शकतात. वजन सामन्याच्या दिवशी सकाळी न घेता आठवड्याच्या अंतराने दोनदा घ्यावे. संघ आणि संघटना चाचण्या घेतात तेव्हा सोळाव्या वर्षी नाकारलेल्यांना अठराव्या आणि विसाव्या वर्षी पुन्हा बोलावण्याची यादी ठेवावी. तिचा खर्च एका वहीचा आहे. त्या यादीतल्या मुलाला तोवर शाळा किंवा आयटीआय सोडू नकोस, हे निवड करणाऱ्यानेच सांगितले पाहिजे, कारण आईबापांचे तो ऐकत नाही.