आधी लगाम, मग घोडा

गेल्या महिन्यात धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, तुझ्या भाच्याला आता तूच आवर. पगार हातात पडला की गाडीत घालतो. आता म्हणतो, कोइमतूरला जाऊन शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी पळवणार. तुझा सगळा जन्म यंत्रांत गेला, तुझे तरी ऐकेल." मी गेलो, भाच्याची गाडी दोन तास खालून-वरून पाहिली, आणि बहिणीला स्पष्ट सांगितले की, मी त्याला आवरणार नाही. तेव्हापासून ती माझ्याशी तुटक बोलते. तिच्यासारखे आईबाप घरोघर आहेत, म्हणून फोनवर जे धड सांगता आले नाही ते इथे लिहितो. कोणाला लागले तर लागो.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. गाडीत 'बदल' करणारे म्हणून आपण ज्यांना एका माळेत ओवतो, त्यांच्या वस्तुतः दोन जाती आहेत, आणि त्यांचे एकमेकांशी मांजर-कुत्र्याइतकेही नाते नाही. पहिली जात आपल्या सर्वांच्या परिचयाची. रात्री साडेअकराला गल्लीच्या तोंडाशी जो स्फोट होतो आणि तान्ही पोरे दचकून उठतात, तो या जातीचा पराक्रम. यांनी सायलेन्सर काढून पोकळ नळी बसवलेली असते, काचेवर कुठल्यातरी परदेशी कारखान्याची पट्टी डकवलेली असते, आणि गाडी बुटकी दिसावी म्हणून स्प्रिंगा गॅसने कापलेल्या असतात. कापलेली स्प्रिंग आपल्या बैठकीत नीट बसत नाही. खड्ड्यात चाक खाली लोंबले की ती जागची हलते, आणि शॉक अॅब्सॉर्बरला हालचालीला जागाच न उरल्यामुळे गाडी वळणावर धरून बसायच्या ऐवजी उड्या मारते. म्हणजे शोभेसाठी पैसे मोजून या शहाण्याने कारखान्याने दिलेली गाडी आणखी वाईट करून घेतली! पोलिसांनी जप्त केलेल्या अशा सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात, ती मी चवीने पाहतो. या मंडळींबद्दल माझ्या मनात तिळमात्र दया नाही.

दुसरी जात गल्लीत ऐकूच येत नाही, म्हणून ती आपल्याला ठाऊक नसते. कोल्हापूरच्या तालमीतला पैलवान बाजारात भाजीवाल्याला धोबीपछाड मारीत नाही. त्याची लाल माती ठरलेली, वेळ ठरलेली, समोरचा गडीही तयारीचा. त्या मातीत उतरण्यासाठी तो वर्षभर शरीर राखतो आणि बाजारात मात्र अंग चोरून चालतो. ट्रॅक म्हणजे मोटारीची तालीमच. कोइमतूरचा करी मोटर स्पीडवे २००३ पासून आहे, लांबी अवघी २.१ किलोमीटर. ज्या एस. करिवर्धन यांचे नाव त्याला दिले आहे, त्यांनी मारुती ८०० चे इंजिन घालून एकआसनी शर्यतीच्या गाड्या रचल्या आणि या देशातल्या मध्यमवर्गी पोरांना शर्यतीचे दार किलकिले करून दिले. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक १९९० पासून आहे. तिथे समोरून ट्रक येत नाही, म्हैस आडवी येत नाही, शिरस्त्राणावाचून आत सोडत नाहीत. वेगाची ओढ ज्याला आहे त्याने ती तिथे भागवावी, हे वाईट की आपल्या बायपासवर भागवावी हे वाईट?

आता भाच्याची गाडी. चाकणला तयार झालेली पोलो जी. टी., जिचे उत्पादन २०२२ साली थांबले. त्याने तिच्यात काय केले असेल असे वाटते? बहिणीचा समज असा की, 'इंजिन मोठे' केले. इंजिनाला त्याने अजून हातही लावलेला नाही. पहिल्या वर्षी त्याने टायर बदलले. दुसऱ्या वर्षी पुढचे ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल. मग इंजिनाचे ऑइल निम्म्या अंतरावर बदलायला लागला. आणि एक टॉर्क रेंच घेतला, म्हणजे ठरलेल्या जोराने बोल्ट आवळणारा पान्हा. त्या गाडीच्या चाकाच्या बोल्टांना १२० न्यूटन-मीटर लागतात, ते तो दर वेळी मोजून देतो. आपल्याकडचा पंक्चरवाला पान्ह्यावर उभा राहून उड्या मारतो तो प्रकार नव्हे.

ब्रेकवर एवढा खर्च कशाला, असे बहिणीने मला विचारले. तिला स्वयंपाकघरातले उत्तर देतो. माणसासकट १२०० किलोची गाडी ताशी ५० वरून पुरती थांबवली, तर तिच्या गतीची जी उष्णता होते तिच्यावर सुमारे अडीच कप चहाचे आधण येईल. वेग दुप्पट केला, ताशी १००, तर पाच कपांचे येईल असे वाटते ना? येते दहा कपांचे! कारण ही शक्ती वेगाच्या वर्गाने वाढते. ही सगळी धग चार चाकांपाशी, त्यातही मुख्यतः पुढच्या दोन लोखंडी तबकड्यांत जिरवायची असते. ट्रॅकवर गाडी पुरती थांबत नाही हे खरे, पण हीच झटापट मिनिटाला दोन-तीनदा, तीही निवायला उसंत न देता चालते. तबकडी चारशे-पाचशे अंशांपर्यंत तापते आणि ती धग शेवटी ब्रेक ऑइलपर्यंत पोचते.

आणि हे ब्रेक ऑइल मोठे कपटी. नावाला ऑइल, पण तेल नव्हेच. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला जसे पाणी सुटते, तसे हे हवेतली ओल शोषते. नवे डॉट ४ जातीचे ब्रेक ऑइल २३० अंशांपर्यंत उकळत नाही असे मानक सांगते. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की तीच हमी १५५ वर येते. एकदा ते उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, म्हणून तर ब्रेक लागतो. वाफ मात्र दाबली जाते. मग पायाखालचे पेडल लोण्यात बुडावे तसे तळाला जाते, आणि गाडी तशीच पुढे.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. १९८६ साली माझ्याजवळ प्रीमिअर पद्मिनी होती. तिला मी जे केले ते आज लिहिताना लाज वाटते. एका नामांकित गॅरेजात हेड घासून घेतले, मोठा कार्ब्युरेटर बसवला, सायलेन्सर मोकळा केला. गाडी घाट चढायची ती गुरगुरत; मित्र वाहवा करायचे. चारही चाकांना ड्रम ब्रेक, ते कारखान्यातून आले तसेच. ब्रेक ऑइल कधी बदलले होते? कधीच नाही. कमी झाले की वरून ओतायचे, एवढेच मला आणि त्या मिस्त्रीला ठाऊक. त्या डिसेंबरात महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरत होतो. शेजारी सौ., मागे तीन वर्षांची मुलगी. वरच्या गिअरात, ब्रेकवर पाय ठेवून, गप्पा मारीत. अर्धा घाट उतरलो आणि पेडल खाली गेले. पुन्हा दाबले, पुन्हा तेच. गिअर खाली ओढला, हँडब्रेक ओढला, आणि दरीची बाजू सोडून गाडी डोंगराच्या मातीत घातली. मुलीला खरचटलेसुद्धा नाही. सौ.च्या डाव्या हाताचे कोपर मोडले. ते आजही पुरते सरळ होत नाही. चकल्यांचा सोऱ्या तिला गेली अनेक वर्षे एकटीला फिरवता येत नाही, मी धरतो. तिने त्यावरून मला कधी एक शब्द ऐकवला नाही, हे तिचे मोठेपण. मी मात्र तेव्हापासून घोड्याआधी लगाम पाहतो.

म्हणून भाच्याच्या गाडीकडे पाहून मला भीती वाटली नाही, हेवा वाटला.

अर्थात त्याचेही सगळे मला पटत नाही. एकच गाडी रस्त्यालाही आणि ट्रॅकलाही उत्तम, हा भ्रम त्याच्या वयाला शोभतो. शर्यतीचे पॅड तापल्यावर पकडतात. सकाळी थंड गाडी काढली आणि कोपऱ्यावर शाळेची पोरे आली, तर तेच पॅड कारखान्याच्या साध्या पॅडांहून वाईट ठरतील. ट्रॅकचे मऊ, जवळजवळ गुळगुळीत टायर आपल्या जुलैतल्या पावसात साबणासारखे सरकतील. चाके आतल्या बाजूला कलती ठेवली की वळणावर पकड वाढते, पण रोज ऑफिसला ये-जा केली की टायरची आतली कड चाटून जाते. तेव्हा एकतर तडजोड करा, नाहीतर तिथे पोचल्यावर पॅड आणि चाके बदला आणि निघताना पुन्हा जुनी चढवा. भाचा दुसरे करणार आहे. हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास आणि वर हमाली! आता त्याला इंजिनाच्या संगणकात फेरफार करून ताकद वाढवायची आहे. मी म्हटले, "अरे, कारखान्याने इंजिनाला १७५ न्यूटन-मीटर दिलेत, तुझा सात गिअरांचा डबा २५० पर्यंतच सोसतो. मधली जागा ही उन्हाळ्यासाठी आणि घाटासाठी ठेवलेली शिल्लक आहे, ती उधळू नकोस." तो म्हणाला, "मामा, पुढच्या वर्षी बघू." म्हणजे तो ऐकणार नाही. पण ब्रेक आधी केले, हे माझ्या लेखी पुष्कळ आहे.

आता कायद्याकडे वळतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते की, नोंदणीतला तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. गल्लीतल्या बाँबवाल्यांसाठी हे थोडेच आहे असे मी म्हणेन. परंतु मूळपेक्षा मोठी ब्रेकची तबकडी आणि पोकळ सायलेन्सर यांना एकाच काठीने हाणण्यात कसला न्याय? जर्मनीत असा भाग बसवला की अधिकृत तपासनीस तो तपासतो, कागदपत्रांत नोंदवतो, आणि मग ती गाडी रस्त्यावर निर्धोकपणे जाते. आपल्याकडे गॅस-किट नोंदवता येते, अपंगांसाठीचे बदल परवानगीने करता येतात. मग जो पैसे भरून, गाडी दाखवून, तपासून घ्यायला तयार आहे, त्याच्यासाठी एक खिडकी का नसावी? खिडकी नाही म्हणून चोरवाट आहे, आणि चोरवाटेवर चांगला कारागीर आणि गॅसने स्प्रिंगा कापणारा शेजारी शेजारी बसतात.

आणि आईबापहो, तुमचे काय? दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालता, बंपरला लिंबू-मिरची बांधता, पण ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले हे तुमच्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? पोराची चौकशी करायचीच असेल तर 'किती खर्च केलास' हे शेवटी विचारा. ब्रेक ऑइलची तारीख विचारा. दोन वर्षे उलटली असतील तर ट्रॅकच काय, लोणावळ्यालासुद्धा पाठवू नका. टायरच्या बाजूवर लांबट चौकटीत चार आकडे असतात: २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. ते वाचा. जो मुलगा ही उत्तरे न अडखळता देतो, त्याची काळजी थोडी कमी करा. जो फक्त आवाज ऐकवतो, त्याची किल्ली काढून घ्या.

भाचा जानेवारीत जाणार. परवा आमच्या अंगणात त्याने ब्रेकमधली हवा काढली. या कामाला दोन माणसे लागतात, एक पेडलवर आणि एक चाकापाशी. सौ. आपण होऊन गाडीत जाऊन बसली. तो खालून ओरडत होता, "मामी, दाबा... धरून ठेवा... सोडा," आणि ती तासभर दाबत, धरत, सोडत होती. बहीण अजून रागातच आहे. भाऊबीजेला मी तिच्याकडे जाणारच आहे. तीस वर्षे तिने शाळेत गणित शिकवले, तेव्हा ओवाळून झाले की अंगणात नेऊन टायरवरचे ते चार आकडे तिच्याकडूनच वाचून घेणार आहे.