झोपाळ्याची फळी

मराठीच्या प्राध्यापकाने फावल्या वेळात काय करावे, याविषयी आपल्या समाजाच्या कल्पना फार ठाम आहेत. त्याने कविता कराव्यात; त्या जमत नसतील तर दुसऱ्यांच्या कवितांना प्रस्तावना लिहाव्यात; तेही जमत नसेल तर निदान शब्दकोडी सोडवावीत. पण तो जर गॅलरीत बनियनवर बसून लाकूड तासू लागला, तर शेजाऱ्यांना त्याच्या नोकरीची काळजी वाटू लागते. आमच्या सोसायटीच्या चिटणीसांनी एकदा मला जिन्यात गाठून हलक्या आवाजात विचारले, "सर, कॉलेजचं सगळं ठीक आहे ना?" मी गिटार करतो आहे असे सांगताच त्यांचा चेहरा उजळला. "वा! शिकताय होय?" "शिकत नाही, करतोय," मी म्हणालो. तो चेहरा पुन्हा पहिल्यासारखा झाला.

वाद्य वाजवणारा माणूस आपल्याला कळतो. ते घडवणारा कळत नाही. मैफलीत गवयाच्या मागे दोन तानपुरे लागलेले असतात, पण ते मिरजेच्या कोणत्या घरात घडले हे विचारावेसे किती जणांना वाटते? तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यातले फरीदसाहेब एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळले आणि पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भोपळ्यांना मिरजेत कंठ फुटला. त्या सतार-तानपुऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळायला २०२४ साल उजाडावे लागले. असो. हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे, आणि संपादकांनी मला पाने मोजून दिली आहेत.

गिटार बाहेरून मोठी साधी दिसते. एक पेटी, तिला एक मान, सहा तारा. पण करायला बसले की कळते, हा सगळा एक तंटा आहे. नायलॉनच्या सहा तारा सुरात लावल्या की त्यांचा एकत्रित ताण सुमारे चाळीस किलो भरतो. हा ताण ज्या वरच्या फळीने सोसायचा, तिची जाडी असते जेमतेम अडीच मिलिमीटर! फळी जाड ठेवली तर ताण सोसते, पण मुकी होते. फार पातळ केली तर गोड बोलते आणि दोन वर्षांत पोटात जाते. मोडणार नाही पण मोडायच्या बेतात आहे, अशा जागी तिला आणून सोडायचे असते. संसारात वावरलेल्या माणसाला हे तत्त्व समजावून सांगायला नको.

या तंट्यात सगळ्यांत चांगला निवाडा दिला तो आंतोनियो दे तोरेस या स्पॅनिश सुताराने. हा १८१७ साली आल्मेरियाजवळ जन्मला आणि १८९२ मध्ये वारला. आज जगभर जिला शास्त्रीय गिटार म्हणतात तिचा घाट बव्हंशी त्याचा. वरच्या फळीच्या आतल्या अंगाला पंख्याच्या काड्यांसारख्या सात बारीक पट्ट्या चिकटवायच्या, म्हणजे फळी पातळ राहूनही टिकते. आणि आवाज वरच्या फळीतच आहे, हे लोकांना पटावे म्हणून १८६२ साली त्याने एक अचाट गिटार केली. वरची फळी नेहमीची स्प्रूसची. मागची आणि कडेची बाजू मात्र चक्क कागदाच्या लगद्याची! आपल्याकडे जुन्या बायका मेथी भिजवून कागदाच्या टोपल्या करीत, त्यातला प्रकार. ती गिटार बार्सेलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

तोरेसची ही कागदी गिटार पुढे माझ्याच घरात माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून हजर होईल, असे मला वाटले नव्हते.

झाले ते असे. आमचे वाईचे घर पाडले गेले तेव्हा भांडीकुंडी, कपाटे, देव यांची वाटणी सुरळीत झाली. अडला तो झोपाळा. साडेपाच फूट लांब, जवळजवळ दोन फूट रुंद, पावणेदोन इंच जाडीची एकसंध शिसवी फळी. चार कोपऱ्यांना पितळी कड्या. आजोबांनी करवून घेतलेला. दादाच्या नाशिकच्या फ्लॅटमध्ये तो मावेना, ताईच्या घरी छताला आकडे नाहीत. म्हणून तो "तात्पुरता" पुण्याला माझ्याकडे आला, आणि अकरा वर्षे चादर पांघरून दाराआड उभा राहिला. आमच्या घरात नवा पाहुणा आला की तो हटकून विचारी, "दाराआड कोण आहे?"

शिसव म्हणजे गिटारवाल्यांचे सोने. पेनसिल्व्हेनियातल्या मार्टिन कंपनीने १९६९ मध्ये ब्राझीलची शिसव मिळेनाशी झाली म्हणून भारतीय शिसव घेतली, आणि तेव्हापासून दक्षिणेच्या डोंगरातले आपले हे काळे-जांभळे लाकूड जगातल्या नामांकित गिटारींच्या पाठीला लागले. २०१७ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कागदपत्रांचे निर्बंध आले. तयार वाद्यांना २०१९ अखेर सवलत मिळाली. आणि इकडे मी दोन गिटारी साध्या महोगनीच्या करून झाल्यावर तिसरीसाठी शिसव शोधत पुण्याच्या वखारी पालथ्या घालतो आहे, आणि रोज संध्याकाळी घरी येऊन त्याच दाराआड चप्पल काढतो आहे!

मी दादाला फोन केला. सगळी फळी नको, कडेची आठ इंचांची पट्टी पुरे, असे सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता. मग तो म्हणाला, "बाबा त्याच्यावर बसून पेपर वाचायचे. तू तो फाडणार?" मी लाकडाच्या गुणांविषयी काही बोलू लागलो. दादा इंजिनिअर आहे. त्याने दोन दिवसांत अभ्यास करून पुन्हा फोन केला. "तुझ्या त्या तोरेसनं कागदाची पाठ लावली होती ना? आणि २०१८ सालचा लँकेस्टर विद्यापीठाचा प्रयोग वाचलास का? सहा गिटारी, फक्त पाठीचं लाकूड वेगळं. बावन्न वादकांना दिवे मंद करून, डोळ्यांना काळे चष्मे लावून वाजवायला दिल्या. कुणाला धड फरक सांगता आला नाही. मग आवाजात फरकच पडत नसेल, तर आजोबांचा झोपाळा कशाला?"

प्रश्न बिनतोड होता. आवाजासाठी शिसव हवी असे मी म्हणू शकत नव्हतो, कारण तसे मलाही वाटत नाही. शिसव हवामानाला सहसा दबकत नाही, उष्णतेवर नीट वाकते, हे खरे. पण तेवढ्यासाठी झोपाळा कापायचे कारण नाही. मला ती हवी होती ती घरची म्हणून. आणि दादाला ती कापायला नको होती, तीही घरची म्हणूनच. दोघांचे कारण एकच निघाले की भांडण मिटणे फार अवघड होते.

आई आतल्या खोलीत ऐकत होती. तिचे वय ७८. दुसऱ्या दिवशी दुपारी ती त्या फळीजवळ आली, चादर बाजूला केली आणि म्हणाली, "काप."

"दादा म्हणतो..."

"तो काय म्हणतो ते मी ऐकलं. आजोबांचा झोपाळा, बाबांचा झोपाळा. मी त्या घरात चाळीस वर्षं होते. मामंजी होते तोवर सुनांनी झोपाळ्यावर बसायची पद्धत नव्हती. ते गेले तोवर ह्यांना तिथंच बसायची सवय लागली होती. मी कितीदा बसले ते बोटांवर मोजून सांगीन. पुसायला मात्र रोज मी. आणि दर दिवाळीला तेल लावायलाही मीच." मग जरा थांबून म्हणाली, "नाशिकला त्याला उभा करायला जागा असेल तर घेऊन जा म्हणावं. नसेल तर काप."

मी चाळीस वर्षांचा झोपाळा डोळ्यांसमोर आणून पाहिला. त्यावर आजोबा दिसले, बाबा दिसले, आम्ही तिघे भावंडे दिसलो. आई खरोखरच कुठे दिसेना.

वखारीतल्या मिस्त्रींनी आधी फळीवरून लोहचुंबक फिरवले. जुन्या लाकडात खिळा निघाला तर पात्याचे दात जातात. मग बोट ओले करून लाकडावर घासले. "सर, आसलं लाकूड आता बघायला मिळत न्हाई," म्हणाले, आणि मशीन चालू करण्यापूर्वी त्यांनी फळीला हात लावून नमस्कार केला. कड्यांची भोके सोडून दोन तुकडे निघाले. उभ्या पात्याखाली त्यांची चार-चार मिलिमीटरची पाने सुटू लागली, आणि वखारीत गुलाबासारखा गोड वास पसरला. लागोपाठची दोन पाने पोथीसारखी उघडून शेजारी ठेवली की डावीकडची रेघ उजवीकडे आरशातल्यासारखी उमटते. गिटारची पाठ ती हीच.

पुढचे काम ऋतूच्या तंत्राने चालते. लाकूड उभ्या रेघेत जवळजवळ हलत नाही. आडवे मात्र हवेबरोबर फुगते आणि आकसते. ऐन आषाढात फुगलेल्या फळीला आतून पट्ट्या चिकटवल्या, तर चैत्रातल्या कोरड्या उन्हात ती आकसू पाहते, पट्ट्या तिला आकसू देत नाहीत, आणि मग एखाद्या रात्री खोलीत फटाका वाजावा तसा आवाज होऊन फळी तडकते. म्हणून पावसाळा पडद्यांची आणि दांड्याची कामे करण्यात घालवायचा.

पडदे बसवण्याचे गणित मला फार आवडते. तार ६५० मिलिमीटर असेल तर तिला १७.८१७ ने भागायचे, आलेल्या ३६.४८ वर पहिला पडदा. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागायचे, की दुसरा. असे करत बाराव्या पडद्याशी तार बरोबर अर्धी होते. गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो गॅलिलेई वादक होते. त्यांनी सोळाव्या शतकात हे १८ ने भागून करावे असे सुचवले. सोपे खरे, पण त्याने बारावा पडदा सुमारे अडीच मिलिमीटर अलीकडे पडतो. कानाला तेवढेही कळते. आमच्या कॉलेजात प्रश्नपत्रिका तपासताना मी अर्ध्या गुणावरून इतका विचार कधी केला नसेल.

दसऱ्याच्या सुमारास हवा कोरडी होऊ लागली, तशी मी वरची फळी हाती घेतली. ही स्प्रूसची, परदेशातून मागवलेली. थंड डोंगरात हे झाड सावकाश वाढते, म्हणून वलये दाट, आणि लाकूड हलके असून ताठ. रंध्याचा एक हात मारायचा, फळी दोन बोटांत कडेला धरून अधांतरी ठेवायची आणि मधोमध टिचकी मारायची. आधी ती बद्द बोलते. जाडी उतरते तसा आवाज मोकळा होत जातो, आणि एका टप्प्याला भांड्यासारखा घुमून रेंगाळतो. तिथे थांबायचे. त्यापुढचा एक हात म्हणजे नुकसान.

एका संध्याकाळी मी असाच टिचक्या मारत बसलो असताना आई पोळ्यांची कणीक मळता मळता बाहेर आली. "अजून बद्द आहे," म्हणाली. मी आणखी दोन हात मारले. "कडेला बद्द आहे. मधे सुटलंय." मी मोजून पाहिले, डावी कड खरोखरच किंचित जाड होती. "तुला कसं कळलं?" "साठ वर्षं माठ वाजवून घेतेय मी," असे म्हणून ती पुन्हा कणकेकडे वळली. युरोपातल्या शाळांत ही विद्या शिकवायला वर्षे लावतात. त्या दिवसापासून आमच्या कारखान्याची परीक्षक आई आहे, आणि तिने 'हं' म्हटल्याशिवाय मी रंधा खाली ठेवत नाही.

आता काम पॉलिशवर आले आहे. या पॉलिशला नाव 'फ्रेंच', पण त्यातला जीव आपला. पळस, कुसुम आणि बोरीच्या फांद्यांवर लाखेचे किडे जे कवच करतात, त्याचा हा चपडा. तो सर्वांत जास्त झारखंडात होतो. तो स्पिरिटमध्ये विरघळवायचा, कापसाचा बोळा सुती कापडात गुंडाळून त्यावर थोडा घ्यायचा, तेलाचा एक थेंब लावायचा, आणि मराठी चाराच्या आकड्याचे वळसे घेत फळीवर फिरत राहायचे. थांबायचे नाही, बोळा टेकला की डाग. एकेक पूट इतके पातळ असते की शंभर झाली तरी हाताला जाणवत नाहीत. दमट हवेत हे पॉलिश पांढुरके पडते, म्हणून तेही दिवाळीनंतरच. "घरात लाक्षागृह बांधताय," असे आमच्या सौभाग्यवतींनी जाहीर केले आहे, आणि स्पिरिटची बाटली स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत आणायला बंदी आहे. ती बँकेत अधिकारी आहे. नियम लेखी लावला आहे.

बोळ्याला कापड लागते ते अनेकदा धुऊन मऊ झालेले, एकही धागा न सोडणारे. दुकानात तसे मिळत नाही. आईने स्वतःच आपले एक जुने लुगडे काढून दिले आणि त्याचे चौकोन करून ठेवले. पाठीच्या शिसवीवर पहिला हात फिरवला तेव्हा कोरडे तपकिरी लाकूड एकदम आतून उजळले. आई शेजारी बसली होती. "तेल लावल्यावर असंच दिसायचं," म्हणाली.

उरलेली फळी, चौदा इंच रुंदीची, पुन्हा दाराआड उभी आहे. ताईने तिच्या मुलासाठी एक गिटार आधीच सांगून ठेवली आहे. दादाला मात्र फळी कापल्याचे अजून कुणी सांगितलेले नाही. तो भाऊबिजेला सहकुटुंब येणार आहे. मी आदल्या दिवशी फोन करून सांगावे म्हणतो, आई म्हणते, "तू मधे पडू नकोस. तो आला की मी सांगते. तारा तेवढ्या लावून ठेव."